मोठ्या टेक कंपनीची मुलाखत: समोरच्याच्या टिपणात काय उतरते

गूगलमध्ये मुलाखत घेणारा अभियंता तुम्हाला नोकरी देत नाही. तो ४५ मिनिटे तुमच्याशी बोलतो, नंतर बसून सविस्तर टिपण लिहितो आणि ते टिपण तुम्हाला कधीही न भेटलेल्या लोकांच्या समितीपुढे जाते. ॲमेझॉनच्या पॅनलवर ‘बार रेझर’ म्हणून एक जण असतो. ज्या टीममध्ये जागा आहे त्या टीमचा तो नसतो, आणि त्याने नकार दिला तर मॅनेजरला आवडलेला उमेदवारही गळतो. इतर कंपन्यांत नावे बदलतात, पण निर्णयाचा आधार बहुतेक ठिकाणी हाच: लिहून ठेवलेले टिपण.

तयारीची निम्मी दिशा इथेच ठरते. जे तुम्ही मनातल्या मनात केले आणि बोलला नाहीत, ते टिपणात येत नाही, आणि टिपणात नाही ते समितीच्या लेखी घडलेच नाही. गोव्यातल्या फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा किंवा शिरोड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या, आणि त्याआधी पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलामुलींचे गाडे बहुधा याच चढावर अडते. गणित येते, कोड येतो. पण डोके मराठीत किंवा कोकणीत चालते, तोंड इंग्रजीत उघडायचे असते, आणि मधल्या भाषांतरात चार-चार मिनिटे शांतता पडते. समोरचा लिहितो: उत्तर बरोबर, पण तिथवर कसा पोचला ते कळले नाही. चांगल्या उमेदवाराच्या फाइलीत असे वाक्य पडणे म्हणजे फुकटचे नुकसान.

फेऱ्या कशा असतात

आधी रिक्रूटरचा फोन, १५ ते ३० मिनिटांचा. यात तांत्रिक फारसे काही नसते, पण विचारून घ्यायचे सगळे इथेच विचारायचे: फेऱ्या किती, प्रत्येक किती मिनिटांची, कोड कशात लिहायचा, तो चालवून पाहता येईल का, डिझाइनची फेरी आहे का. रिक्रूटर हे खुशाल सांगतात, कारण तुम्ही पास होण्यात त्यांचाही फायदा असतो. लाजून न विचारणारे पुढे आंधळी कोशिंबीर खेळतात.

मग ऑनलाइन चाचणी, बहुधा दोन प्रश्न आणि ६० ते ९० मिनिटे. त्यानंतर एक तांत्रिक फेरी, आणि शेवटी चार-पाच फेऱ्यांचे ‘लूप’, प्रत्येक ४५ ते ६० मिनिटांची. नवख्यांना त्यात मुख्यतः कोडिंग आणि थोडे वागणुकीचे प्रश्न असतात. काही वर्षांचा अनुभव गाठीशी असला की सिस्टम डिझाइन, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभी करायची याची फेरी येते. मेटाच्या कोडिंग फेरीत साधारणपणे ४५ मिनिटांत दोन प्रश्न सोडवायचे असतात. ओळख आणि शेवटच्या गप्पा वजा केल्या तर एका प्रश्नाला जेमतेम १७-१८ मिनिटे. गूगलमध्ये बहुतेकदा एकच प्रश्न असतो, आणि तो सुटला की त्यावर नव्या अटी चढवत नेतात. पहिल्यासाठी हात वेगात चालावा लागतो. दुसऱ्यासाठी ओळखीचा प्रश्न अनोळखी झाल्यावर न गडबडण्याची सवय लागते. साध्या डॉक्युमेंटसारख्या पानावर, रंग, ऑटोकम्प्लीट आणि रन बटण यांपैकी काहीच नसताना कोड लिहायचा सराव मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतो.

ओळखीच्या सीनिअरने दिलेले रेफरल रेझ्युमे वाचला जाईल एवढेच करते. ते फेरी पार करून देत नाही. रेझ्युमे एका पानाचा ठेवा. त्यातल्या प्रत्येक ओळीवर दहा मिनिटे बोलता आले पाहिजे. ज्या तंत्रज्ञानाचे फक्त ट्यूटोरियल पाहिले ते शोभेसाठी लिहिले, तर तिथेच पहिला प्रश्न येतो.

एक प्रश्न, पहिल्या मिनिटापासून

कोडिंग फेरीत नेमके काय करायचे ते एका उदाहरणावरून पाहू. प्रश्न असा: एका गावात रोज किती मिलिमीटर पाऊस पडला त्याची यादी दिली आहे. एकूण पाऊस ५० मिलिमीटरच्या वर जाणार नाही, असे सलग जास्तीत जास्त किती दिवस सापडतील?

बहुतेक जण लगेच कोड लिहायला घेतात. पहिली पाच मिनिटे प्रश्नांची आहेत. यादी किती मोठी असू शकते? ती रिकामी असू शकते का? बरोबर ५० चालेल की ५० पेक्षा कमीच हवे? उत्तर म्हणून फक्त दिवसांची संख्या हवी की तारखा? आकडे ऋण असू शकतात का? शेवटचा प्रश्न पावसाच्या बाबतीत खुळ्यासारखा वाटेल, पण पुढे सगळी पद्धत त्यावरच उभी राहते. आणि एकही दिवस बसत नसेल तर काय परत द्यायचे? जुलैमधल्या मुसळधार चार-पाच दिवसांचेच आकडे घेतले तर उत्तर शून्यही येऊ शकते.

मग एक छोटे उदाहरण हाताने सोडवा आणि ते पानावर लिहून ठेवा: १२, ०, ३५, ८, ४, ५०, ३. इथे ०, ३५, ८, ४ यांची बेरीज ४७ होते, म्हणून उत्तर ४ दिवस. हे उदाहरण शेवटी तपासणीला कामी येते.

आता सर्वांत साधी पद्धत, मोठ्याने: प्रत्येक दिवसापासून सुरुवात करून पुढे पुढे बेरीज करत जायचे. तिचा खर्चही लगेच सांगा. यादीत १ लाख दिवस असतील तर सुमारे ५०० कोटी पायऱ्या होतात. संगणक सेकंदाला साधारण १० कोटी साध्या पायऱ्या करतो असा ढोबळ हिशेब धरला तर ५० सेकंद, म्हणजे उपयोग नाही. ही पद्धत लिहायची नसते, पण सांगायची असते. टिपणात ‘चालणारी पद्धत लवकर सुचली, खर्च बरोबर काढला’ अशी ओळ पडते, आणि पुढे काही बिनसले तरी ती ओळ राहते.

सुधारणा कुठून येते? साध्या पद्धतीत आपण तेच काम पुन्हा का करतो, हे विचारल्यावर. पहिल्या दिवसापासूनची बेरीज केली, मग दुसऱ्या दिवसापासून तीच पुन्हा केली. त्याऐवजी एक सरकती खिडकी ठेवा. उजवी कड एकेक दिवस पुढे न्या आणि बेरीज वाढवा. बेरीज ५० च्या वर गेली की ती खाली येईपर्यंत डावीकडचे दिवस सोडत जा. आपल्या उदाहरणात १२, ०, ३५ मिळून ४७, तीन दिवस. ८ घेतल्यावर ५५ होतात, म्हणून १२ सोडले, उरले ४३. ४ घेतले, ४७ झाले, चार दिवस. मग ५० येतात, बेरीज ९७. ०, ३५, ८, ४ हे सगळे सोडल्यावरच ती ५० वर येते, खिडकीत एकच दिवस. शेवटी ३ आल्यावर ५० सोडावे लागतात. सर्वांत मोठी खिडकी चारच दिवसांची.

प्रत्येक दिवस खिडकीत एकदाच येतो आणि फार तर एकदा बाहेर जातो. १ लाख दिवसांना जास्तीत जास्त २ लाख हालचाली. कोडमध्ये आतल्या आत दोन लूप दिसतात म्हणून पुष्कळ जण याला ‘एन वर्ग’ (यादीत एन दिवस असतील तर एन गुणिले एन पायऱ्या) म्हणून मोकळे होतात. तिथे हे एकदा-आत-एकदा-बाहेर समजावून सांगितले की समोरच्याला कळते, पाठांतर नाही.

कोडला १५ ते १८ मिनिटे धरा. लिहिताना प्रत्येक ओळ वाचून दाखवायची गरज नाही. ‘आता डावी कड सरकवतोय, कारण बेरीज मर्यादेबाहेर गेली’ एवढे पुरते. कोड संपला की ‘झाले’ म्हणायच्या आधी मघाचे उदाहरण घेऊन ओळीओळीने चालवा, चलांच्या किमती बाजूला लिहीत. मग रिकामी यादी. मग सगळे दिवस ५० च्या वरचे: खिडकी पूर्ण रिकामी होते, लांबी शून्य निघते, ठीक. स्वतःची चूक स्वतः पकडली तर टिपणात ती जमेच्या बाजूला पडते. समोरच्याने दाखवून दिली तर उलट.

आता ती ऋण आकड्यांची अट. समोरचा म्हणेल, पावसाऐवजी रोजचा नफा-तोटा असेल तर? खिडकी लगेच मोडते. उजवीकडे दिवस वाढवला की बेरीज कमी होणार नाही आणि डावीकडचा सोडला की ती वाढणार नाही, या भरवशावर ती उभी होती. तोटा आला की तो भरवसा गेला; मर्यादेबाहेर गेलेली खिडकी पुढे आपोआप मर्यादेत येऊ शकते. मग सुरुवातीपासूनच्या चालू बेरजा काढायच्या, प्रत्येक ठिकाणापर्यंतची सर्वांत मोठी चालू बेरीज जपून ठेवायची. ही दुसरी यादी कधी उतरत नाही, म्हणून तिच्यात बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग टाकून देत शोधणे) करून प्रत्येक शेवटासाठी सर्वांत लांबची सुरुवात सापडते. हे पूर्ण नाही जमले तरी चालते. पद्धत का मोडली हे नेमके सांगणे हाच अर्धा गुण, आणि बरेचसे उमेदवार तेवढेही न सांगता जुनाच कोड इकडेतिकडे हलवत बसतात.

यादीच्या आकारावरून पद्धत ओळखणे

प्रश्नात दिलेला आकार ही सर्वांत मोठी खूण असते. एन २० पर्यंत असेल तर सगळे उपसंच तपासले तरी ते साडेदहा लाखांच्या आत बसतात, म्हणजे बॅकट्रॅकिंग (पर्याय करून पाहायचा, न जमल्यास मागे फिरायचे) चालेल. ५०० असेल तर एन घन, साडेबारा कोटी, काठावर. ५,००० ला एन वर्ग, अडीच कोटी, आरामात. १ लाखाला एन वर्ग गेला; तिथे सॉर्टिंग, हीप (सर्वांत लहान किंवा मोठा घटक चटकन देणारी रचना), खिडकी किंवा हॅशमॅप. सॉर्टिंगचा खर्च १ लाखाला सुमारे १७ लाख पायऱ्या. आणि आकडा १०० कोटींचा असेल तर यादीतून एकदाही पूर्ण फिरायला वेळ नसतो. उत्तरावरच बायनरी सर्च करायची का ते पाहा, ती ३० पायऱ्यांत संपते.

हॅशमॅप म्हणजे पसरकाराची, दुकानदाराची उधारीची वही. घराच्या नावाने पान सरळ उघडता येते, पहिल्या पानापासून चाळत बसावे लागत नाही. ‘हे आधी पाहिले आहे का’, ‘किती वेळा पाहिले’ असा वास ज्या प्रश्नाला येतो, तिथे आधी हिचा विचार करा.

भाषा तुमच्या हाताला बसलेली घ्या. मुलाखतीसाठी नवी शिकू नका. पण तिचे खड्डे माहीत हवेत. पायथनमध्ये यादीच्या पुढून घटक काढला तर मागचे सगळे एकेक जागा सरकतात, म्हणून रांगेसाठी डेक (दोन्ही टोकांनी काढता-घालता येणारी रांग) वापरायचा. पायथनची रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा सुरुवातीला १,००० असते. १ लाख नोड्सची सरळ साखळी असलेला ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) दिला की रिकर्शनने सुंदर लिहिलेला डीएफएस (एका वाटेने शेवटपर्यंत जाणारा शोध) कोसळतो. जावात दोन स्ट्रिंग दुहेरी बरोबर चिन्हाने ताडल्या तर मजकूर नव्हे, वस्तू ताडल्या जातात. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरच्या हद्दीबाहेरचा इंडेक्स चौकोनी कंसाने वाचला तर चूक दिसेलच असे नाही. कचरा हाती येऊ शकतो. ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे आकडा मावत नाही. खूप मोठ्या यादीवरच्या बायनरी सर्चमध्ये दोन टोकांची बेरीज करून निम्मी करताना नेमके हेच होऊ शकते. जावाच्या अधिकृत लायब्ररीतही हा दोष वर्षानुवर्षे होता आणि २००६ मध्ये त्याची जाहीर चर्चा झाली. खालच्या टोकात अंतराचा अर्धा भाग मिळवला की प्रश्न मिटतो.

बारा आठवड्यांचा हिशेब

कामाच्या दिवशी दोन तास आणि शनिवारी चार तास धरले तर बारा आठवड्यांत सुमारे १५० प्रश्न नीट होतात. आठवड्याला १२-१३. ५०० प्रश्न सोडवल्याची फुशारकी मारणारे भेटतील. त्यातले ३०० त्यांना पुन्हा दिले तर सुटतीलच असे नाही.

पहिले दोन आठवडे ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, दोन पॉइंटर, सरकती खिडकी. तिसरा स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट आणि बायनरी सर्च यांना. मग दोन आठवडे ट्री, दोन ग्राफ आणि हीप, दोन बॅकट्रॅकिंग आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या भागांची उत्तरे साठवून मोठे उत्तर काढणे). उरलेले तीन मिसळ सरावाचे. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा बाऊ फार केला जातो आणि मुले त्यातच महिना घालवतात. त्याआधी ट्री आणि ग्राफवर बीएफएस (थराथराने शोध), डीएफएस डोळे मिटून लिहिता आले पाहिजेत.

एका प्रश्नाला ३० मिनिटे प्रामाणिक झगडा. नाही सुटला तर फक्त कल्पना वाचा, कोड नको. कोड स्वतः लिहा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर पुन्हा, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उत्तर वाचून ‘हां, कळले’ वाटते ते ओळखीचे समाधान असते, आठवण नव्हे. कोऱ्या पानापुढे ते उघडे पडते. चुकांची एक वही ठेवा. प्रत्येक प्रश्नाला तीन ओळी: कोणत्या खुणेवरून पद्धत ओळखायची होती, कुठे अडलो, कोडमध्ये काय चुकले. महिन्याभरात दिसेल की चुका दहा-बारा प्रकारच्याच आहेत आणि त्यातल्या तीन पुन्हा पुन्हा होतात.

विषयवार सरावात एक फसवणूक आहे. ‘आज ट्री’ म्हणून बसलात की पद्धत आधीच सांगितलेली असते, आणि मुलाखतीत खरा प्रश्न पद्धत ओळखण्याचाच असतो. म्हणून चौथ्या आठवड्यापासून रोजचा एक प्रश्न विषय झाकून घ्या.

सिस्टम डिझाइन: चवथीची बस

पुण्या-मुंबई-बंगळूरहून चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला गावी येणाऱ्यांसाठी बसच्या आसनांचे बुकिंग करणारी यंत्रणा उभी करा, असा प्रश्न आला असे समजा. इथे बरोबर उत्तर एकच नसते, पण चुकीची सुरुवात ठरलेली असते: पहिल्या मिनिटाला फळ्यावर काफ्का (निरोपांची रांग सांभाळणारे सॉफ्टवेअर), दहा मायक्रोसर्व्हिस (वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम) आणि डेटाबेसचे तुकडे काढणे.

आधी व्याप्ती ठरवा. आसन पाहणे, राखणे, पैसे भरणे, रद्द करणे, एवढेच. बसचा जीपीएस आणि जेवणाचा थांबा आज नको, असे स्पष्ट सांगा. मग हिशेब. दिवसाला २०० बस, प्रत्येकी ४० आसने, म्हणजे ८,००० तिकिटे. वर्षाला सुमारे २९ लाख. एका नोंदीला ५०० बाइट धरले तर दीड जीबीच्या आत. हा डेटा एका साध्या डेटाबेसमध्ये पाय पसरून झोपेल. तुकडे करायची गरजच नाही, आणि हे आकडे मांडून सांगणारा उमेदवार पाठ केलेली आकृती काढणाऱ्यापेक्षा वेगळा दिसतो. खरा ताण दुसरीकडे आहे. चवथीचे बुकिंग सकाळी १० वाजता उघडले आणि ५० हजार लोक पहिल्या दहा मिनिटांत तुटून पडले, प्रत्येकाच्या २० विनंत्या, म्हणजे १० लाख विनंत्या ६०० सेकंदांत, सेकंदाला १,६०० हून जास्त. त्यातल्या बहुतेक ‘कोणती आसने रिकामी’ एवढेच विचारणाऱ्या. त्यांची उत्तरे कॅशमधून (हाताशी ठेवलेल्या प्रतीतून) द्या. दोन-तीन सेकंद जुनी माहिती दिसली तर कोणाचे बिघडत नाही.

बिघडते ते आसन राखताना. दोघांनी एकाच क्षणी १४ नंबर दाबला. प्रोग्रॅमने आधी ‘रिकामे आहे का’ वाचले, मग ‘राखले’ लिहिले, तर दोघांनाही रिकामे दिसते आणि दोघांनाही तिकीट मिळते. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या फटीत हा घोटाळा होतो. उपाय डेटाबेसकडून करून घ्यायचा: बस, तारीख आणि आसन या तिघांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारे), किंवा ‘अजून रिकामे असेल तरच बदल’ अशी एकच अपडेट. दुसऱ्याची अपडेट शून्य ओळी बदलते आणि त्याला ‘दुसरे आसन निवडा’ दिसते. कॅश इथे वापरायची नाही.

मग पैसे. आसन दहा मिनिटे अडवून ठेवायचे आणि मुदत नोंदीतच लिहायची, म्हणजे सर्व्हर बंद पडून चालू झाला तरी आसन कायमचे अडकत नाही. पेमेंट गेटवे तोच निरोप दोनदा पाठवू शकतो, म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी खूण हवी आणि ती आधी पाहिली असेल तर दुसऱ्यांदा काहीच करायचे नाही. आणि मुदत संपल्यावर, आसन दुसऱ्याला गेल्यावर पैसे आल्याचा निरोप आला तर? परतावा, आणि प्रवाशाला लगेच कळवणे. हा कोपरा विचारायच्या आधी स्वतः उघडलात तर पुढची दहा मिनिटे तुमच्या मैदानावर जातात.

‘आम्ही केले’ची अडचण

वागणुकीच्या फेरीला बरेच जण गप्पांची फेरी समजतात. ॲमेझॉनची १६ नेतृत्वतत्त्वे जाहीर आहेत, आणि तिथे प्रत्येक मुलाखतकाराला त्यातली काही तपासायला वाटून दिलेली असतात. मतभेद, चुकलेला निर्णय, हुकलेली मुदत, अपुऱ्या माहितीवर केलेली निवड, कोणी न सांगता हाती घेतलेले काम: अशा आठ खऱ्या घटना लिहून काढा. प्रत्येकीत परिस्थिती दोन वाक्यांत, तुमची जबाबदारी एका वाक्यात, तुम्ही काय केले ते सर्वांत लांब, आणि शेवटी आकड्यात परिणाम. बोलून दोन मिनिटे.

आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे आगाऊपणाचे वाटते. ‘आम्ही फेस्टची नोंदणीची वेबसाइट केली’ यातून टिपण लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘चौघांच्या टीममध्ये डेटाबेस माझ्याकडे होता, एकच माणूस दोनदा नोंदला जात होता, कारण फॉर्म दोनदा दाबता यायचा, मी फोन नंबरवर युनिक बंधन घातले आणि जुन्या नोंदी साफ केल्या’ यात फुशारकी कुठेच नाही, नुसती माहिती आहे. टीमचे श्रेय टीमला द्याच, पण आपला हात कुठे होता ते दाखवून. ‘माझा दोष म्हणजे मी फार काम करतो’ हे उत्तर मात्र कृपा करून देऊ नका.

बोलण्याचा सराव

इंग्रजी अस्खलित असावे लागत नाही. तुटक वाक्यांमुळे कोणी नापास होत नाही, शांततेमुळे होतात. रोज एक प्रश्न फोनवर रेकॉर्ड करत सोडवा आणि नंतर ऐका. २० सेकंदांहून मोठी शांतता किती वेळा पडली ते मोजा. विचाराला वेळ हवा असेल तर तसे सांगून थांबा, ‘लेट मी थिंक फॉर अ मिनिट’, आणि मिनिटाने जेवढे सुचले तेवढे मांडा. इशारा मिळाला तर तो आपल्या शब्दांत परत सांगा. कानाआड करून जुन्या वाटेने पुढे जाणे ही टिपणातली महागडी ओळ असते.

शेवटच्या तीन आठवड्यांत सहा ते आठ नकली मुलाखती घ्या, त्याही पारखून. मित्र मुलाखत घेईल आणि टिपण लिहील. ते टिपण तिसऱ्या, मुलाखत न ऐकलेल्या मैत्रिणीला द्या आणि तिला विचारा, याला घेशील का? ती ‘कळत नाही’ म्हणाली तर दोष बहुधा तुमच्या बोलण्यात आहे, क्वचित मित्राच्या अक्षरात.

दुसऱ्या खिडकीत एआय उघडून उत्तरे वाचण्याचा मोह सोडा. डोळे एका रेषेत फिरताना दिसतात, आणि ‘ही ओळ का?’ या पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते. काही कंपन्या तर त्यापायी पुन्हा समोरासमोर फेऱ्या घेऊ लागल्या आहेत.

त्या दिवशी

फेरी ऑनलाइन आणि दिवस पावसाळ्याचे असतील तर वीज जाणार हे गृहीत धरा. घरचा इन्व्हर्टर पंखा आणि दिवे चालवतो, पण राउटरचे सॉकेट बऱ्याचदा त्यावर जोडलेले नसते. हे आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहा. फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरचा ठेवा, लॅपटॉपला आधीच जोडून. गावात रेंज धरत नसेल तर पणजी, फोंडा किंवा मडगावात नातेवाइकांची बंद दाराची खोली मागून घ्या. लायब्ररी किंवा कॅफेत मोठ्याने बोलता येत नाही.

बंगळूर किंवा हैदराबादला बोलावले तर एक दिवस आधी पोचा. रात्रभराच्या बसमधून उतरून सरळ पाच फेऱ्यांना बसणे म्हणजे शेवटच्या दोन फेऱ्या आधीच दान करणे. चवथीच्या आठवड्यात तारीख दिली तर रिक्रूटरला आठवडाभर पुढे मागा. भरल्या घरात, आरतीच्या घुमट वाद्याच्या आवाजात ग्राफ सुचत नाहीत, आणि अशी विनंती केल्याने कोणाचे नाव कटत नाही. मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी पैसे मागणारा फोन आला तर तो कंपनीचा नाही, ठगाचा आहे.

फेरी संपली की त्याच संध्याकाळी चुकांच्या वहीत तुम्ही कुठे अडलात ते लिहा. प्रश्न मात्र जाहीर टाकू नका. बहुतेक कंपन्या गुप्ततेची अट घालतात. नकार आला तर रिक्रूटरला एवढेच विचारा की कमी कुठे पडले, कोडिंगमध्ये की डिझाइनमध्ये. तपशील मिळेलच असे नाही, पण दिशा कधी कधी मिळते. पुन्हा अर्ज करायला बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. नेमकी मुदत त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, आणि ती तारीख कॅलेंडरवर टाका. त्याच्या बारा आठवडे आधीची सुद्धा.